दहावं नाव

"तुझ्याकडे किती झाले?" डब्याचं झाकण काढता काढता हिरामणने विचारलं.

"आठ. तुझ्याकडे?"

"नऊ."

"म्हणजे तू माझ्यापेक्षा सुखी," मी म्हणालो. एरवी तो माझ्या फालतू विनोदांनाही हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

बारा वर्षांपूर्वीचा ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. मी भूशास्त्र विभागाचा प्रमुख, तो भाषाशास्त्र विभागाचा. डॉ. हिरामण लांजेवार आणि डॉ. यादव कापगते या दोन माणसांनी एकाच विद्यापीठात वीस वर्षं दुपारचं जेवण एकत्र केलं, आणि तेही माझ्या विभागाच्या संग्रहालयात, दगडांच्या कपाटांमधल्या लांब टेबलावर. ते दगड माझे गुरू देवगडे सर यांनी तीस वर्षं रानोमाळ हिंडून, खांद्यावरच्या पिशवीतून आणलेले. प्रत्येकावर त्यांच्या हातची चिठ्ठी.

आम्ही मोजत होतो ती पोरं. एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दहा प्रवेश झाले नाहीत तर अभ्यासक्रम स्थगित, असा विद्यापरिषदेचा ठराव होता. सरकारने अनुदान आखडतं घेतलं होतं, पोरं औषधनिर्माण आणि संगणकाकडे पळत होती, आणि विद्यापीठाला कुठेतरी कात्री लावायची होती. गंमत म्हणजे हा ठराव झाला तेव्हा मी स्वतः सभागृहात होतो. विषय क्रमांक सत्तावीस. दोन वाजून गेले होते आणि बाहेरून वडाभाताचा वास येत होता. आमच्याकडे ठराव मंजूर करायला हात वर करत नाहीत, बाक वाजवतात. सगळ्यांनी वाजवले. मीही वाजवला. माझ्याच विभागाच्या मुळावर येणारा ठराव आहे हे मला वड्याचा दुसरा घास घेताना कळलं.

नंतर आकडे तपासायला बाहेरची संस्था आणायचं घाटत होतं, तेव्हा मात्र मी तावातावाने उठलो. "मास्तरांची झडती परक्यांनी घ्यायची नाही. आमचं आम्ही तपासू," म्हणालो. पुन्हा बाक वाजले. आणि तीन जणांच्या तपासणी समितीत पहिलं नाव माझंच पडलं.

"दोन नावं कमी पडतात, हिरामण. विभाग बंद झाला तर तू-मी कुठंतरी जाऊ रे. कुठल्यातरी कॉलेजात समायोजन करतील. शालिकचं काय?"

शालिक निखाडे माझा कंत्राटी सहायक प्राध्यापक. नऊ वर्षं दर अकरा महिन्यांनी नवा आदेश घेऊन शिकवत होता. रोज सकाळी माझ्या खोलीच्या दारात उभा राहून एकच प्रश्न विचारायचा, "सर, काही कळलं का?" त्याची मुलगी त्याच वर्षी पहिलीत गेली होती. त्याचा प्रश्न ऐकला की मी त्याच्यावरच डाफरायचो.

"माझा एक पुतण्या आहे, बी.एस्सी.वाला," मी म्हणालो. "तो नावापुरता घेतो. आणि तुझा साळा, राजेश भोयर, वीज मंडळातला. त्याचं भूशास्त्र होतं न पदवीला?"

हिरामणच्या हातातला घास थांबला. "खोटा प्रवेश?"

"खोटा कसा? फॉर्म खरा, मार्कशीट खरी. फक्त तो येणार नाही."

"मी नऊवर बंद पडलो तरी चालंल, यादव. पण असं..."

"तुलाही एक देतो न. कुंदाचं नाव घाल. माझ्या बायकोचं. सत्त्याऐंशीची बी.ए. आहे, मार्कशीटवर माहेरचं नाव आहे. डोंगरवार. कोणाले कळते?"

त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. शेवटी म्हणाला, "वहिनींना विचारून तर घे." मी घरी जाऊन विचारलं नाही, सांगितलं. कुंदा पोळ्या लाटत होती. "सही कर एक," म्हणालो. तिने हात पुसले, कशावर ते वाचलं, आणि विचारलं, "म्हणजे मी एम.ए.ला?"

"नावापुरती. तुला काही करायचं नाही."

"बरं," असं म्हणून तिने सही केली. लग्न ठरलं तेव्हा ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, कॉलेजात पहिली आली होती. पुढे शिकायचं म्हणत होती, असं माझ्या सासऱ्यांनी मला बोलणीच्या वेळी हसत हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो. ते मला त्या संध्याकाळी आठवलं नाही. ते फार नंतर आठवलं.

सप्टेंबर गेला. घरात काही बारीकसारीक बदल झाले होते, ते मी पाहिले पण माझ्या डोक्यात शिरले नाहीत. संध्याकाळी घरी यायचो तर कुलूप असायचं आणि किल्ली शेजारी. "महिला मंडळात गेले होते," म्हणायची. एकदा स्वयंपाकघरात शिरलो तर ही तोंडासमोर तळहात धरून उभी, आणि पुटपुटतेय, "क... ख... प... फ..."

"दात दुखतो का?" मी विचारलं.

"नाही हो. तुम्ही म्हणून पाहा न एकदा."

"मला वेळ नाही," मी म्हणालो, आणि वेळ नव्हताच. दुसऱ्या एका दिवशी जेवताना तिने विचारलं, शालिक सरांच्या गावाकडे चुलत्याला काय म्हणतात. मी चिडलो. इथे विभाग जायला निघालाय आणि हिला चुलत्याचं पडलंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी अधिष्ठाता डॉ. हेमके यांनी मला बोलावलं. ते समितीचे अध्यक्ष. तिसऱ्या सदस्या वाणिज्य विभागाच्या देवतळे मॅडम, पण त्या दिवशी त्यांना बोलावलं नव्हतं. हेमक्यांनी स्वतः उठून दार लावलं.

"कापगते सर, आपण अकरा विभाग पाहिले. सगळीकडे दहा, अकरा, बारा. एकही बंद नाही. वरचे लोक म्हणून राहिले, मास्तरांची समिती मास्तरांनाच वाचवते. एक तरी नाव द्या, नाहीतर आम्ही बाहेरची संस्था आणतो. ती आली तर सहा-सात विभाग सरळ जातील."

हेमके खुर्चीत परत बसले.

"राहिले दोन. मंगळवारी भाषाशास्त्र, गुरुवारी तुमचं. तुमच्या विभागात अर्थातच मी आणि मॅडम येऊ. दोन्हीकडे नेमके दहा. मला दोन्ही दहा पटत नाहीत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता तुम्हीच सांगा."

सांगायला काय होतं? माझ्या दहातले दोन खोटे होते. पुतण्या पुण्यात होता, येतो म्हणून वायदा करत होता. राजेश भोयर तालुक्याच्या गावी ड्यूटीवर. गुरुवारी हजेरी झाली की माझं सगळं उघडं पडणार होतं. मला शालिक दिसला, दारात उभा. देवगडे सरांच्या चिठ्ठ्या लावलेले दगड गोदामात पोत्यांत भरलेले दिसले.

"भाषाशास्त्रात एक नाव खोटं आहे," मी म्हणालो.

"कोणतं?"

"मंगळवारी हजेरीत कळंल."

हेमक्यांनी चष्मा परत लावला. "बस. एक निघालं की झालं. मग गुरुवारी तुमच्याकडे आम्ही चहा घेऊन परत येऊ."

सोमवारी मी हिरामणबरोबर जेवलो नाही. बरं नाही म्हणून सांगितलं. त्याने शिपायाबरोबर आल्याचा काढा पाठवला.

मंगळवारी दुपारी दोन वाजता आम्ही तिघं भाषाशास्त्राच्या वर्गात गेलो. समोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मी मान वर केलीच नाही. हजेरीपट समोर ओढला, पेनाचं टोपण काढलं. हिरामण खिडकीपाशी उभा होता आणि का कोण जाणे, चेहऱ्यावर हसू दाबून उभा होता. मला वाटलं, याला अजून काही कळलेलं नाही.

नियम असा होता की नाव पुकारलं की विद्यार्थ्याने उभं राहायचं, ओळखपत्र दाखवायचं. मी एकेक नाव वाचत गेलो. "आत्राम सुनीता." "येस सर." "उईके दिनेश." "येस सर." देवतळे मॅडम ओळखपत्रं पाहत होत्या. नऊ झाली. प्रवेश उशिरा झाल्यामुळे ते नाव सगळ्यात खाली होतं. मी पेन फुलीसाठी तयार ठेवलं आणि वाचलं, "डोंगरवार कुंदा नारायण."

"हजर."

सव्वीस वर्षं तो आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. मान वर केली. दुसऱ्या बाकावर, आत्राम नावाच्या मुलीशेजारी, कुंदा उभी होती. पोपटी साडी, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, समोर उघडी वही. वही अर्धी भरलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जरा लाजून हसली, लग्नाच्या आधी एकदा हसली होती तसं. मला तेव्हा समजलं की हिरामण हसू का दाबतोय. ती दोघं मिळून मला निकालाच्या दिवशी चकित करणार होती. तपासणीने तो दिवस आधी आणला, एवढंच.

हेमके खुर्चीत पुढे सरकले. "बाई, या वयात?"

"जी. राहून गेलं होतं."

"रोज येता?"

"रोज येतात सर," आत्राम मध्येच बोलली. "आमच्या गोंडीचे शब्द लिहून घेतात. तीनशे झाले."

"मग सांगा बरं, काय शिकल्या?"

कुंदाने तळहात तोंडासमोर धरला. "सर, असा हात धरून क म्हणून पाहा. आता ख म्हणा. ख म्हणताना हातावर वारा लागतो, क म्हणताना लागत नाही. आपण जन्मभर बोलतो, पण हा वारा आपल्या ध्यानात येत नाही."

अधिष्ठात्यांनी खरोखर हात धरला. "क... ख..." देवतळे मॅडमनी धरला. वर्ग हसायला लागला. हेमकेही हसले. "अरे, लागते की हो!" म्हणाले. मी एकटा हात टेबलावर ठेवून बसलो होतो.

मग ते माझ्या कानाशी वाकले. हसू अजून ओठांवर होतं. "कापगते सर, इथं तर दहाचे दहा. तुम्ही तर म्हणाले होते... ठीक आहे. मग आता गुरुवारी काय ते पाहू."

गुरुवार. पुढचं सगळं मी एका श्वासात केलं. विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मी उभा राहिलो.

"सर, ही माझी बायको आहे."

हिरामण खिडकीपासून एक पाऊल पुढे आला.

"प्रवेश मीच करून दिला," मी म्हणालो. "आकडा भरायला. ही विद्यार्थिनी नाही. हे नाव खोटं आहे."

"यादव!" हिरामण म्हणाला. "सर, त्या एकही दिवस चुकल्या नाहीत. हजेरी आहे, ट्यूटोरियल आहेत, तुम्ही वही पाहा..."

"प्रवेशाच्या वेळी हेतू काय होता, ते महत्त्वाचं," हेमके म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं आणि त्यांना हवं ते मिळालं होतं. ते कुंदाकडे वळले. "बाई, हे म्हणतात ते खरं आहे का?"

कुंदा माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर मला सोसलं असतं. ती नुसती बघत होती, मी पुढे काही बोलेन म्हणून थांबली होती. एवढंच बोलायचं होतं, की नाव मी दिलं खरं, पण ही शिकायला आली. दोन वाक्यं. ती माझ्या तोंडात होती. पण ती बोललो असतो तर दहा भरत होते, आणि गुरुवार येत होता.

मी गप्प राहिलो.

"ते सांगतात तसंच लिहा," कुंदा म्हणाली. तिने वही मिटली, पेन टोपण लावून पर्समध्ये ठेवलं, गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि पुढे येऊन देवतळे मॅडमच्या समोर ठेवलं. जाताना हिरामणला म्हणाली, "येते सर." दार हळू लावून घेतलं.

हजेरीपटावर फुली मीच मारली.

आता हिरामण बोलेल, याची मी वाट पाहत होतो. त्याच्याकडे राजेश भोयर होता. एक शब्द काढला असता तर माझाही विभाग तिथल्या तिथे आडवा झाला असता. खरं सांगतो, क्षणभर मला ते हवंही होतं. पण तो फळ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि डस्टरने फळा पुसत राहिला. फळा आधीच कोरा होता.

घरी गेलो तेव्हा स्वयंपाक झाला होता. ताट वाढलं होतं. जेवण झाल्यावर ताट उचलताना कुंदा म्हणाली, "तुमचा विभाग राहील न आता?"

"राहील बहुतेक."

"बायको आहे म्हणाले, ते ठीक. ते खरंच आहे. पण खोटी काहून म्हणाले?"

मी शालिकचं सांगितलं. देवगडे सरांच्या दगडांचं सांगितलं. बाहेरची संस्था आली असती तर किती विभाग गेले असते, तेही सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मला आधी सांगितलं असतं तर मी मंगळवारी गेलेच नसते." आणि भांडी घासायला बसली.

गुरुवारी हेमके आणि देवतळे मॅडम माझ्या विभागात आले. मी बाहेर, संग्रहालयात बसलो होतो. पुतण्या आदल्या रात्रीच्या गाडीने कसाबसा पोचला होता. राजेशची आशा मी सोडली होती, त्याला फोन करायचंही धैर्य नव्हतं. अर्ध्या तासाने शालिक धावत आला. "सर, दहा! दहाचे दहा भरले सर!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मागून राजेश भोयर आला, वीज मंडळाच्या खाकी शर्टावरच.

"तू कसा आला?" मी विचारलं.

"हिरामण भाऊजींनी काल सांगितलं. म्हणाले, रजा टाक पण गुरुवारी जाऊन ये." तो घड्याळ बघत होता. "निघतो सर, एक लाइन बंद ठेवून आलो."

दिवाळीआधी विद्यापरिषद भरली. भाषाशास्त्र स्थगित करण्याचा ठराव आला. अहवाल वाचताना हेमके थांबले आणि म्हणाले, समितीच्या एका सदस्याने स्वतःच्या पत्नीचंही नाव पाठीशी घातलं नाही, शिक्षकांनी स्वतःचा कारभार स्वतः कसा करावा याचं हे उदाहरण आहे. बाक वाजले. बराच वेळ वाजले. मागे विभागप्रमुखांच्या रांगेत हिरामण बसला होता. मी वळून पाहिलं नाही, त्यामुळे त्याने वाजवला की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर आम्ही कधी एकत्र जेवलो नाही. त्याला परीक्षा विभागात बसवलं, पेपरांचे गठ्ठे मोजायला.

एवढं करून काय राहिलं? शालिकला दुसऱ्याच वर्षी सिमेंट कंपनीत नोकरी लागली. जाताना पाया पडला, म्हणाला, "सर, तुम्ही होते म्हणून." चार वर्षांनी भूशास्त्रही पर्यावरण विभागात विलीन झालं. दगड गोदामात गेले. चिठ्ठ्यांना वाळवी लागली.

मागच्या वर्षी एका संस्थेने मला जीवनगौरव दिला. हॉल भरला होता. हेमके आता थकलेत, पण प्रमुख पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी तो प्रसंग सांगितलाच. स्वतःची पत्नी वर्गात बसलेली असताना हा माणूस उभा राहिला, म्हणाले. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालक मुलीला वाटलं असावं की आता वहिनींनीही दोन शब्द बोलावेत. तिने माइक कुंदाच्या हातात दिला. कुंदा असं कधी बोलत नाही. मला वाटलं, परत देईल.

"मी त्या वर्गात रोज जात होते," ती म्हणाली. "शिकायलाच जात होते. एवढंच सांगायचं होतं."

आणि माइक परत दिला. मग कुणीतरी टाळी वाजवली, तशा सगळ्यांनी वाजवल्या. शेवटच्या रांगेत एक पांढऱ्या केसांचा माणूस डोळे पुसत होता. हिरामण आलाय हे मला तेव्हा कळलं.

मग माझं नाव पुकारलं गेलं. सत्काराला उत्तर म्हणून मी चार पानं लिहून नेली होती. तिसऱ्या पानावर तोच प्रसंग होता, हेमक्यांनी सांगितला तसाच, प्रामाणिकपणाचा. पान उलटलं तेव्हा मला ते दिसलं. थांबता आलं असतं. सांगायची दोन वाक्यं मला अकरा वर्षं पाठ होती, आणि समोर माइक होता.

मी चारही पानं वाचली. कुंदा पहिल्या रांगेत, मांडीवर शाल आणि नारळ घेऊन, शेवटपर्यंत ऐकत होती.